धरून ठेवण्याची ओळ

त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती. फवारणी करणाऱ्याच्या नळीतून निघालेले औषध झाडाच्या शेंड्यावर पडे आणि वाऱ्याने त्याच्याच तोंडावर परत येई. श्रावणाच्या उत्तरार्धात महागाव तालुक्यातील आमच्या धर्मादाय रुग्णालयाच्या चाळीस खाटा अशाच माणसांनी भरून गेल्या. घामाने न्हालेली, डोळ्यांपुढे धुके आलेली, श्वासासाठी धडपडणारी ती माणसे कुणी दुचाकीवर मधोमध बसवून आणी, तर कुणी मालवाहू गाडीत निजवून.

मी या रुग्णालयाचा एक विश्वस्त. वणीच्या शाळेत एकतीस वर्षे संस्कृत शिकवून निवृत्त झालो आणि गावी परतल्यावर हे काम अंगावर घेतले. वैद्यकातले मला काही कळत नाही. कागदपत्रे नीट राहावीत, एवढेच माझ्याकडे असे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे खांदेमळणीच्या दुपारी, खेमसिंग नावाच्या मजुराला जवळच्या तांड्यावरून आणले. त्याला विषाचा उतारा म्हणून अ‍ॅट्रोपिनचे सलाईन लावले. दुपारच्या पाळीच्या परिचारिकेने संगणकावर त्याचा कागद उघडला, तेव्हा त्यावर स्पष्ट नोंद होती: बारा वाजून बावन्न मिनिटे, अ‍ॅट्रोपिन बंद, परिचारिका अपेक्षा. तिने सलाईन बंद केले. डॉक्टरांच्या लक्षात ही गोष्ट येईपर्यंत चार तास गेले होते. पोळ्याच्या सकाळी खेमसिंग वारला.

चौकशीसाठी तिघे नेमले गेले: रुग्णालयाचे अध्यक्ष विठ्ठलराव, एक निवृत्त सरकारी डॉक्टर आणि मी. अहवाल पुढच्या शुक्रवारी द्यायचा होता. तो अपेक्षाच्या विरुद्ध गेला असता, तर परिचारिका म्हणून तिची नोंदणी रद्द झाली असती आणि एका माणसाचा मृत्यू तिच्या नावाला आयुष्यभर चिकटला असता. ती सव्वीस वर्षांची होती. पहिल्या बैठकीत ती आमच्यासमोर उभी राहिली, बस म्हटले तरी बसली नाही.

"धावजीबाबाची सलाईन मी माह्या हातानं काढली जी," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, याचं आता बंद कर. मी काढली अन् तिथंच उभ्यानं त्याच्या कागदात लिवलं. खेमसिंगभाऊ तवा वॉर्डात आलेबी नव्हते. मंग त्यायच्या कागदात मी लिहीन काहून?"

धावजी हा त्याच वॉर्डातील एक म्हातारा. तो बरा होत आला होता. सलाईन निघताच उठून तो गावी चालता झाला होता. त्याच्या कागदात अशी कोणतीही नोंद नव्हती.

"बाई, यंत्रात तर तुहंच नाव हाय," विठ्ठलराव म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "गुरुजी, मशीन खोटं कायले बोलन? त्याले का कोनाशी सोयरिक करायची हाय?"

विठ्ठलराव कापसाच्या जिनिंगचे मालक. माणूस वाईट नव्हे. त्या हंगामात रुग्णालयाचा अर्धा औषधसाठा त्यांनी पदरचा भरला होता. त्यांना केवळ एक उत्तर हवे होते आणि उत्तर पडद्यावर लिहिलेले होते. मी शुक्रवारपर्यंतचा अवधी मागून घेतला आणि घरी येऊन अश्वजितला दूरध्वनी केला.

अश्वजित राजूरचा. त्याचे वडील तेथील कोळसा खाणीत होते. आजोबांच्या पिढीत त्या घराने बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. आठवीत संस्कृत घेणारा त्या घरातला तो पहिलाच. वर्गात पाठ म्हणताना एक अक्षर जरी घसरले, तरी तो स्वतःच थांबून आरंभापासून पुन्हा म्हणत असे; मला त्याला कधी टोकावे लागले नाही. पुढे तो अभियंता झाला आणि पुण्यात संगणकाच्या गाभ्यावर, ज्याला ते लोक कर्नल म्हणतात, काम करू लागला. रुग्णालयाची कागदपत्रे संगणकावर यावीत ही इच्छा माझी; ती त्याने विनामूल्य पूर्ण केली होती.

तो दुसऱ्याच दिवशी आला. कागदपत्रांच्या खोलीत बसून त्याने सारे ऐकून घेतले. संगणकात कागद एकाच जागी नसतात, हे त्याने मला पूर्वी सांगितले होते. काही एका तबकडीवर असतात, काही दुसरीवर, काही वीज गेल्यास उपयोगी पडणाऱ्या तिसऱ्या साठ्यात. वापरणाऱ्याला मात्र ते सारे एकाच कपाटात लावल्यासारखे दिसतात, कारण गाभ्यात तसा एक थर असतो. त्याला आभासी फाइल सिस्टिम म्हणतात. त्या थरात अश्वजितने आमच्यासाठी एक छोटा भाग रचून बसविला होता. आमच्याकडे वीज वारंवार जाते. परिचारिकेने लिहिलेली नोंद हरवू नये म्हणून हा भाग ती क्षणभर स्वतःपाशी ठेवी आणि मग सवडीने तबकडीवर उतरवी.

"सर," तो म्हणाला, "उघडलेल्या प्रत्येक कागदाला गाभ्यात मेमरीची एक जागा मिळते. आपल्या वॉर्डातल्या खाटेसारखी. त्या कागदाला किती जणांनी धरले आहे याची मोजणी तिथेच असते. सगळ्यांनी सोडले की जागा रिकामी, आणि ती पुढच्या कागदाला. पण एखादा न सांगता नुसता खाटेचा क्रमांक लक्षात ठेवून बसला असेल, तर तो नंतर त्या खाटेपाशी जाईल आणि तिथे दुसराच माणूस निजलेला असेल."

"त्याला ते कळणार नाही?"

"नाही कळणार. खाट तीच, चादर तशीच. भलतीच वस्तू असती तर यंत्र कोसळले असते. इथे कागदाच्या जागी कागदच आला, म्हणून ते गप्प राहिले."

"आणि आपल्याकडे तसेच घडले, असे तुला वाटते?"

"घडू शकते. पण घडू शकते एवढ्याने ताईंचे नाव निघणार नाही. घडवून दाखवावे लागेल."

मग त्याचे काम सुरू झाले. रुग्णालयाच्या यंत्राला हात न लावता त्याने तशाच दुसऱ्या यंत्रावर तीच व्यवस्था बसविली आणि गाभा नव्याने बांधून त्याला एक पहारा जोडला. सोडून दिलेली प्रत्येक जागा हा पहारा खुणेच्या अंकांनी भरून ठेवी आणि काही काळ ती कुणालाच देत नसे. तेवढ्यात कुणी त्या जागेला शिवले, तर यंत्र तिथेच थांबे आणि तीन गोष्टी छापी: जागा कुणी घेतली होती, कुणी सोडली आणि सोडल्यानंतर तिला कोण शिवले.

तीन दिवस यंत्र थांबले नाही. अश्वजितने दहा परिचारिका एकाच वेळी लिहीत आहेत अशी स्थिती उभी केली. वीज तोडली, जोडली. मेमरी भरून टाकली. कागद उघडत होते, नोंदी ज्याच्या त्याच्या घरी जात होत्या. माझ्या घरी तो जेवायला येई आणि ताटावर बसून भिंतीकडे पाहत राही. शाळेतही तो असाच बसे, फक्त तेव्हा त्याच्यापुढे पुस्तक असे. अपेक्षाला कामावरून दूर ठेवले होते. ती रोज सकाळी येऊन बाहेरच्या बाकावर बसे आणि दुपारी निघून जाई. तांड्यावर तिचे नाव पोचले होते. बसथांब्यावर दोन बायका तिला पाहून उठून गेल्या, असे कुणीसे सांगितले.

बुधवारी विठ्ठलराव डोकावले. "काय अश्वजितभाऊ, सापडला का तुमचा भूत?"

"नाही, काका."

"मंग नसंनच तो," ते म्हणाले आणि खुर्चीवर न बसताच गेले.

गुरुवारी सकाळी मारोतराव चहा घेऊन आले. मारोतराव आमच्या नोंदणी खिडकीचे कारकून. रुग्ण आला की कागद उघडणे, गेला की बंद करणे हे त्यांचे काम. गेले चार दिवस ते दारातून आत पाहत आणि परत फिरत. त्या दिवशी मात्र ते उभे राहिले.

"साहेब, तुमी हे जे करून राह्यले, ते रोजच्यासारखंच करून राह्यले ना?"

"हो. रोज जसे काम चालते, तसेच. एक रुग्ण जातो, त्याचा कागद बंद होतो, मग दुसरा येतो."

"मंग कसं सापडन," मारोतराव म्हणाले. "आमचे पेशंट खांदेमळणीच्या दिवशी कोनाले इचारून जात नाहीत."

अश्वजितने पेला खाली ठेवला. मी मारोतरावांना बसविले. त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याने तोंड पुसले. नजर मात्र आमच्याकडे येईना.

खांदेमळणीच्या संध्याकाळी बैलांचे खांदे लोणी-हळदीने चोळतात आणि त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आमंत्रण देतात. वर्षभर ज्याच्या मानेवर शेत उभे राहिले, त्याला त्या संध्याकाळी घरधन्याचाच हात लागावा लागतो. आमच्याकडे हे काम शेजाऱ्यावर सोपवीत नाहीत. म्हणून त्या दुपारी ज्यांना चालता येत होते, ते नऊ रुग्ण एकापाठोपाठ उठून गेले होते.

"नऊ जण गेलते, गुरुजी. भायेर सात जण पडले होते, खेमसिंग त्यातच. खाट पाह्यजे, तर आधी जुना कागद बंद कराव लागते. मी नऊच्या नऊ एका दमात बंद केले अन् लगेच नवे उघडले."

"एरवी कसे करता?"

"एरवी एकेक. सिस्टरनं 'हाव, माहं लिवून झालं' म्हटलं की मंग."

"त्या दिवशी विचारले नाही?"

मारोतरावांनी दुपट्टा खांद्यावर सारखा केला. "माही बैलजोडीबी घरी वाट पाहत व्हती ना जी," ते हळू म्हणाले. "एकची गाडी होती."

त्या दुपारची रचना अश्वजितने पुन्हा केली. नऊ कागद उघडले. मला एका यंत्रापुढे बसविले आणि धावजीच्या कागदात एक ओळ लिहायला सांगितले. मारोतराव दुसऱ्या यंत्रापाशी बसले. त्या दुपारसारखी वीज तोडून जोडायची, मी लिहायचे, त्यांनी त्याच क्षणी नऊ कागद बंद करून सात उघडायचे. पहिल्या वेळी काही झाले नाही. दुसऱ्या वेळीही नाही. तिसऱ्या वेळी मारोतराव फार जपून, सावकाश करू लागले. अश्वजित शांतपणे म्हणाला, "त्या दिवशी जसे केले तसेच करा, काका. गाडी चुकणार आहे असे समजा."

चौथ्या वेळी यंत्र थांबले.

पडद्यावर इंग्रजी अक्षरांच्या लांब ओळी आल्या. अश्वजित त्या वरून खाली वाचत गेला. शाळेत वाचे तसाच, बोट न ठेवता, परंतु एकही ओळ न सोडता. शेवटच्या परिच्छेदापाशी तो थांबला. तो परिच्छेद त्याने पुन्हा वाचला.

"जागा घेणारा मूळ गाभ्याचा भाग, सोडणाराही तोच," तो म्हणाला. "त्यांचे बरोबर आहे. नंतर शिवणारा माझा आहे, सर."

त्याने आपल्या लेखनाचा जुना इतिहास उघडला. पूर्वी तेथे दोन ओळी होत्या. पहिली म्हणत होती, हा कागद मी धरला आहे असे मोजणीत लिही. दुसरी म्हणत होती, नोंद उतरेपर्यंत बंद करणाऱ्याला थांबव. चैत्रात मारोतरावांनी त्याला दूरध्वनीवर सांगितले होते की कागद बंद व्हायला फार वेळ लागतो, खिडकीपाशी लोक ताटकळतात. अश्वजितला ते पटले. त्याने थांबविणारी ओळ काढली. तिच्यासोबत धरून ठेवणारी ओळही काढली, कारण परिचारिकेच्या पडद्याने कागद धरलेला असतोच, वेगळे धरण्याची गरज नाही, असे त्याला त्या क्षणी वाटले. परिचारिकेने होकार दिल्याखेरीज मारोतराव कागद बंद करीत नसत, तोवर ते खरेही होते. खांदेमळणीच्या दुपारी पडद्याची पकड सुटली, धावजीच्या कागदाची जागा रिकामी झाली आणि ती खेमसिंगच्या कागदाला मिळाली. मागून आलेली नोंद, अपेक्षाच्या नावासह आणि वेळेसह, त्याच जागी उतरली.

मारोतराव म्हणाले, "म्हंजे मी फोन केला म्हून."

"नाही, काका. तुम्ही वेळ लागतो एवढेच सांगितले होते. ओळ मी काढली."

अश्वजितने ती ओळ परत लिहिली. आम्ही तोच प्रयोग तीस वेळा केला. यंत्र थांबले नाही आणि नोंद दरवेळी धावजीच्याच कागदात गेली. तरीही तो उठला नाही. चैत्रापासूनचे सारे कागद त्याने पाहावयास घेतले. भलत्या जागी गेलेल्या आणखी दोन नोंदी सापडल्या. एक तापमानाची होती, एक जेवणाची. त्यांनी कुणाचे काही बिघडले नव्हते.

सायंकाळी विठ्ठलराव माझ्या अंगणात आले. मारोतरावांकडून त्यांना सारे कळले होते.

"गुरुजी, पोरीचं नाव काढून टाकू. माह्यं काही म्हननं नाही. पन यंत्राचं कायले लिवता? उद्या लोक म्हनतीन, या दवाखान्यात कोनाचं औषध कोनाले जाते. फवारणीवाले अजून येऊनच राह्यले. ते मंग कोठी जातीन? लिहा की कारण समजलं नाही."

"कारण समजले आहे, विठ्ठलराव."

"अन् ते समजलं ते तुमच्याच पोराच्या अंगावर येते. इचार करा. तो काही पगार घेत नव्हता आपला."

ते गेल्यानंतर मी अहवालाचा कागद पुढे ओढला. त्यांचे म्हणणे निव्वळ स्वार्थाचे नव्हते, आणि म्हणूनच ते जड होते. अश्वजितवर माझा जीव आहे. त्याच्या हातून घडलेले एक चांगले काम मीच आग्रहाने या गावात आणले, आणि आता त्याच कामावर माझ्या हाताने एका माणसाचा मृत्यू लिहायचा होता. परंतु 'कारण समजले नाही' असे लिहिले असते, तर अपेक्षा निर्दोष ठरली नसती. केवळ दोषी ठरायची राहिली असती. तिच्याकडे लोकांचे बोट आयुष्यभर तसेच राहिले असते. त्याच रात्री मी अहवाल पुरा केला.

शुक्रवारी तो मी वाचून दाखविला. परिचारिकेने योग्य नोंद योग्य कागदात केली होती. ती संगणकातील दोषामुळे दुसऱ्या कागदात गेली. तो दोष कोणता आणि तो कोणत्या दुपारी प्रकट झाला, हेही त्यात होते. चुकलेली ओळ परत लिहिली असली तरी, दुसऱ्या जाणत्याने सारे काम तपासेपर्यंत उताऱ्याच्या नोंदी हातानेही लिहाव्यात. खाली अश्वजितने आपले निवेदन स्वतःच्या सहीने जोडले होते. निवृत्त डॉक्टरांनी प्रथम सही केली. विठ्ठलरावांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढून पुसला आणि मग सही केली.

"आता तांड्यावर कोन सांगन?" त्यांनी विचारले.

"मी," अश्वजित म्हणाला.

आम्ही दुपारीच निघालो. अपेक्षा आमच्या मागून आली. तिला कुणी बोलाविले नव्हते. खेमसिंगची पत्नी लालीबाई घरापुढच्या छपरात बसली होती. तिच्याभोवती चार-पाच बायका होत्या. अपेक्षाला पाहताच त्यातली एक बंजाऱ्यांच्या गोरबोलीत मोठ्याने काही बोलली आणि उठू लागली. लालीबाईने तिला हातानेच बसविले.

अश्वजित उभ्याउभ्या बोलला. त्याने मेमरी म्हटले नाही, कर्नल म्हटले नाही. म्हणाला, "या ताईंनी धावजीबाबांचं लिहिलं होतं, ते धावजीबाबांच्याच कागदात. मी बनवलेल्या व्यवस्थेनं ते खेमसिंगभाऊंच्या कागदात टाकलं. ते वाचून त्यांचं औषध थांबलं. ताईंची काही चूक नाही. चूक माझी आहे."

लालीबाई त्याच्याकडे पाहत राहिली. तिने विचारले, "मुद्दाम केलतं?"

"नाही."

"आता नीट केलं?"

"केलं."

"किती करावं लागलं?"

मी अश्वजितकडे पाहिले नाही. तो म्हणाला, "एक ओळ."

लालीबाईने मान खाली घातली आणि मांडीवरच्या फेटिया घागऱ्याच्या घेरावरून हात फिरवीत राहिली, जणू तेथे काही सांडले होते. मग तिने डोके वर केले. तिची नजर अश्वजितला ओलांडून मागे उभ्या असलेल्या अपेक्षाकडे गेली.

"बाई, मी आठ रोजपासून तुलेच शिव्या देऊन राह्यली होती," ती म्हणाली. "ये, बस."

शेजारच्या बायकांनी सरकून जागा केली. अपेक्षा तिच्याजवळ जाऊन खाली बसली आणि तिने लालीबाईचा हात धरला. अश्वजितला कुणी बस म्हटले नाही. तो जेथे होता तेथेच उन्हात उभा राहिला, आणि मी त्याच्या शेजारी.